न्यायाधीश आणि भुंगा

विनोबांच्या ‘गीता प्रवचने’ या ग्रंथात पहिल्याच अध्यायात एका न्यायाधीशाचा दृष्टांत येतो. प्रवचनातून तो आपण अनेकांनी ऐकला असेल. या न्यायाधीशाने शेकडो अपराध्यांना फाशीची शिक्षा सुनावलेली असते. एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याचाच मुलगा त्याच्यापुढे उभा राहतो. गुन्हा शाबीत होतो, शिक्षा सांगायची वेळ येते आणि न्यायाधीश अडखळतो. मग तो बोलू लागतो की फाशी अमानुष आहे, तिने माणूस सुधारत नाही, समाजाला ती शोभत नाही. विनोबांचे म्हणणे असे की हा विचार त्याला विचारातून सुचलेला नाही, तो पुत्राच्या आसक्तीतून निघाला. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे असेच झाले. तोवर त्याने लढाया केल्या होत्या, माणसे मारली होती. समोर आजोबा, गुरू, भाऊ दिसले तेव्हा त्याला युद्धातले पाप आठवले. म्हणून भगवंतांनी त्याच्या युक्तिवादाला उत्तर देत न बसता त्यामागचा मोह छेदला.

हा दृष्टांत फार मोलाचा आहे आणि माझ्या मते अपुराही आहे. दोन्ही गोष्टी सांगणे भाग आहे, कारण हरिपाठ आटोपून घटकाभर स्वतःकडे पाहणाऱ्या प्रत्येक माणसाचे काम इथेच अडते. आत विचार चाललेले असतात, भावनाही उसळत असतात. यांतले खरे कोणाचे मानायचे?

आधी मोल सांगतो. आपली सर्वसाधारण समजूत अशी की भावना आंधळी आणि विचार डोळस, तेव्हा मन खवळले की विचाराकडे जावे म्हणजे वाट सापडेल. विनोबांचा न्यायाधीश ही समजूत मोडतो. विचारच इथे फितूर झालेला आहे. भावनेने त्याला वकील नेमले आहे आणि तो पक्षकाराची बाजू अगदी शुद्ध भाषेत मांडतो आहे. त्याचा एकेक मुद्दा तपासला तर कदाचित बरोबरही निघेल. म्हणून आत्मनिरीक्षणात विचार बरोबर आहे का, एवढे विचारून भागत नाही. हा विचार आजच का सुचला, काल का सुचला नाही, हेही विचारावे लागते.

आमच्या पेण-रोह्याकडे याची प्रचीती घ्यायला लांब जावे लागत नाही. महामार्ग, कारखाने आणि मुंबईची जवळीक यांमुळे जमिनीला भाव आला आणि भावाभावांतला भाव गेला. बारा वर्षे ज्या बहिणीची कुणाला आठवण नव्हती, तिच्या सहीची गरज पडते आणि मग तिला समजावणारे विचार सुचू लागतात. तुला सासरी काय कमी आहे, माहेर तुटेल, आईच्या आत्म्याला काय वाटेल! यातला एकही विचार त्या घरात पूर्वी कोणी बोलून दाखवला नव्हता. सातबारा बदलायची वेळ आली आणि ते एकदम उगवले. असा माणूस सप्ताहाला नसतो असे नाही. तो टाळ घेऊन उभा असतो, आणि आपण धर्माचेच बोललो असे त्याला मनापासून वाटत असते. विनोबांचा न्यायाधीश त्याला ओळखता आला, तर तो दृष्टांत कामाला आला म्हणायचे.

आता अपुरेपण. न्यायाधीशाचे बोलणे आसक्तीतून आले हे मान्य. पण त्या क्षणी त्याच्या छातीत जे हलले ते काय होते? ज्या शेकडो माणसांना त्याने फासावर पाठवले त्यांनाही बाप होते. त्या बापांच्या छातीत जे हलले असेल ते याला आयुष्यात प्रथमच कळत होते. इतकी वर्षे त्याचा विचार नीट चालला होता असे आपण धरून चालतो, पण तो विचार नीट होता की केवळ थंड होता? दृष्टांतात याची चौकशी नाही. मुलगा समोर आल्यामुळे त्याची दृष्टी बिघडली, एवढेच विनोबा सांगतात. मुलगा समोर आल्यामुळेच एक झरोका उघडला असेल, ही शक्यता ते बाजूला ठेवतात. ऐकणाराही मग सोपा निष्कर्ष काढून उठतो की भावना आली म्हणजे मोह आला, ती खुडून टाकावी.

याच प्रसंगावर माउलींनी काय केले ते पाहावे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे मन विरघळते तिथे माउली भुंग्याचा दृष्टांत देतात. भुंगा कसलेही कठीण, कोरडे लाकूड सहज पोखरतो. तोच कोवळ्या कळीत अडकला तर जीव देईल, पण पाकळी चिरणार नाही. माउली म्हणतात, स्नेह असा आहे, कोवळा असून कठीण. शंकराला रणात जिंकणारा अर्जुन स्नेहापुढे हरला, हे सांगताना त्यांच्या शब्दांत उपहासाचा लवलेश नाही. भुंग्याला पाकळी चिरता येत नाही असे नाही, ती चिरणे त्याच्याने होत नाही. न्यायाधीशाचा दृष्टांत ऐकताना आपण त्याच्यापासून जरा लांब सरकतो. भुंग्याचा दृष्टांत ऐकताना आपण कळीत त्याच्याबरोबर असतो.

पण माउली तिथे थांबलेले नाहीत, आणि याकडे लक्ष कमी जाते. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते म्हणतात की अर्जुनाला महामोहाच्या काळसर्पाने ग्रासले. सर्प डसला कुठे? हृदयकमळी. डसला केव्हा? कारुण्याच्या भर वेळेला. म्हणून लहरी उतरेनात, आणि श्रीहरी गारुडी होऊन धावले. ही मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. इथे कारुण्य आणि मोह एक नाहीत. कारुण्य ही वेळ आहे, मोह हा दंश आहे. हृदय कोवळे झाले होते त्याच घडीला सर्पाने संधी साधली. गारुड्याने यायचे ते विष उतरवायला. ज्या हृदयाला दंश झाला तेच कापून टाकणारा गारुडी कोण बोलावील?

पुढे त्याच अध्यायात भगवान अर्जुनाला रागे भरतात की ही दया रणात उचित नाही. तेव्हाही माउलींनी दिलेला दाखला गाईच्या दुधाचा आहे. दूध पथ्याचे खरे, पण नवज्वरात म्हणजे नुकताच ताप चढलेला असताना दिले तर विष होते. वैद्य त्या वेळेपुरते दूध बंद करतो. कोणी शहाणा वैद्य गाय विकून टाका असे सांगत नाही. माउलींच्या लेखी दया दूधच राहते, चूक असेल तर ती वेळेची.

गीतेकडेच वळून पाहिले तरी हे दिसते. अठराव्या अध्यायात अर्जुन सांगतो की माझा मोह गेला, स्मृती परत आली. माझी करुणा गेली असे तो म्हणत नाही. आणि मधल्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताची लक्षणे मोजली, त्यांत करुणा आरंभालाच घातली आहे. पहिल्या अध्यायात जी अडचण होती ती बाराव्यात लक्षण होऊन परत आली. मधल्या अध्यायांत तिचे काय झाले, हा साधकाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ती रुंदावली. अर्जुनाची करुणा आपल्या माणसांपाशी सुरू होऊन आपल्या माणसांपाशीच संपत होती. न्यायाधीशाने मुलाला पाहून फाशीविरुद्ध बोलावे, यात दोष एवढाच की दुसऱ्याच्या मुलाची शिक्षा सांगताना तो उद्या पुन्हा पूर्वीसारखा बोलेल. तो जर म्हणाला असता की मी आजवर ज्यांना शिक्षा दिल्या ते कागद परत काढा, माझ्या हातून तिथे काय झाले ते मला पाहायचे आहे, तर त्याच्या भावनेला मोह कोण म्हणाला असता?

विनोबांवर अन्याय होऊ नये म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे. ही प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी झाली. न्यायाधीश त्यातल्या पहिल्या रविवारचा आहे. पुढे चौथ्या अध्यायात विनोबा ‘विकर्म’ या शब्दाचा स्वतःचा अर्थ लावतात. बाहेरच्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळणे म्हणजे विकर्म. ती जोड नसेल तर शंकराच्या पिंडीवर पाण्याची धार धरणारा हा दगडासमोर बसलेला दुसरा दगड, इतक्या कडक शब्दांत ते बोलतात. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते, त्या हाताचे वजन किती आणि त्याने होते किती, हेही ते तिथेच विचारतात. हे कोरड्या माणसाचे बोलणे नव्हे. आणि एक गोष्ट आपण विसरतो. ही प्रवचने उतरवून घेतली साने गुरुजींनी. बोलणारे आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, लिहिणारे दापोलीकडच्या पालगडचे. एकाचा लौकिक काटेकोर विचाराचा, दुसऱ्याचा भरून येणाऱ्या डोळ्यांचा. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. हा ग्रंथ दोन स्वभावांच्या मधून आपल्यापर्यंत आला आहे, आणि मला वाटते त्याची गोडी टिकली त्यात गुरुजींच्या हाताचा वाटा आहे. तरीही पहिल्या प्रवचनातला न्यायाधीश तसाच राहिला. विनोबांनी पुढे कुठे परत येऊन त्याचा मुलगा सोडवून घेतला नाही.

ग्रंथात नाही, पण आयुष्यात मात्र ते परत आले असे मला वाटते. १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. विनोबा गावोगाव जमीनवाल्यांकडे मागत ते कसे? तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. या मागणीत आणि न्यायाधीशाच्या दृष्टांतात केवढे अंतर आहे पाहा. पहिल्या विनोबांनी जमीनवाल्याला सांगितले असते की मुलांची आसक्ती सोड, मग देशील. या विनोबांनी आसक्तीला हात लावला नाही. बापाच्या पोटातली माया जिथे होती तिथेच राहू दिली आणि तिच्या पंगतीत आणखी एक पान मांडायला सांगितले. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हे खरे आहे आणि ते झाकू नये. पण मागण्याची रीत पाहिली तर भावनेशी कसे वागावे हे त्यात पहिल्या प्रवचनापेक्षा अधिक नीट उमगलेले दिसते. एकदा मिळालेल्या मायेला तोडण्यापेक्षा तिचा हिशेब वाढवणे, हे माउलींच्या वाटेला जवळचे आहे.

जगन्नाथपुरी आणि पंढरपूर यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. १९५५ साली विनोबा पुरीला गेले. दर्शनाची ओढ मोठी होती. पण बरोबर एक फ्रेंच बाई होत्या आणि त्यांना आत घेण्यास नकार झाला. विनोबा दारातून परतले. त्या क्षणी त्यांच्या मनात देवदर्शनाची तळमळ होती आणि सोबतीण बाहेर राहते आहे हा विचारही होता. तळमळीचे ऐकले असते तर तिला कोणी मोह म्हटले नसते, ती भक्तीच होती. तरी त्यांनी ती आवरली. आवरली म्हणजे मारली नाही, हे तीन वर्षांनी कळले. १९५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस पंढरपुरात सर्वोदय संमेलनाच्या वेळी त्यांना निमंत्रण आले, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते पांडुरंगापुढे उभे राहिले. विचाराने ज्याला आजवर अडवले होते ते तेव्हा डोळ्यांवाटे वाहिले. अकरा वर्षांपूर्वी, १९४७ साली, याच मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते. धुळ्याच्या तुरुंगातले बोलणारे आणि लिहिणारे असे दोघेही विठोबाच्या दारी आले, आणि दोघांनीही इतरांसाठी दार उघडण्याचा आग्रह धरला.

पेणहून नागोठण्यावरून रोह्याला यावे. तिथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी गीतेवरूनच, पण दुसऱ्या अंगाने, हाच प्रश्न सोडवायला घेतला. त्यांनी आपल्या कामाला नावच ‘स्वाध्याय’ दिले. विनोबांचा न्यायाधीश आपल्याला भावनेकडून विचाराकडे नेऊन तपासायला लावतो. शास्त्रीजी उलट चालतात, विचार देऊन त्यातून भाव जागवतात. त्यांची त्रिकालसंध्या पाहावी. सकाळी जाग येते तेव्हा मी कोण ही आठवण कोणी परत दिली? जेवलो, त्याचे रक्त कोण करतो? रात्री सगळे विसरायला लावून शांत झोप कोण देतो? स्मृती, शक्ती आणि शांती ही तीन दाने रोज मिळतात, इतका साधा विचार दिवसातून तीन वेळा करायचा. कृतज्ञता आणा असे सांगून ती येत नसते. घास कोण पचवतो हा विचार केला तर ती आपोआप येऊ शकते. ज्यांना टाळमृदंगात चटकन भरून येत नाही, आपल्याला भावच नाही म्हणून जे खंत करतात, त्यांच्यासाठी ही वाट मोठ्या आधाराची आहे.

शास्त्रीजींच्या योगेश्वर कृषीत तर न्यायाधीशाच्या रोगावर थेट औषध आहे. गावाचे एक शेत, त्यात प्रत्येकाने वर्षातले काही दिवस पुजारी म्हणून राबायचे, पीक देवाचे, आणि ते गरजूच्या घरी जायचे. स्वतःच्या शेतात राबताना पोटात जो जिव्हाळा असतो तो इथेही येतो, पण त्याच्या शेवटी ‘माझे’ हा शब्द येत नाही. भावना विचाराला वकील नेमायची ती मिळकतीसाठी. मिळकतच देवाची म्हटल्यावर खटला उभा राहत नाही.

मात्र एक शंका राहते, आणि ती स्वाध्यायींपुरती नाही, आपल्या नित्यनेमालाही लागू आहे. ठरलेल्या वेळी ठरलेला विचार केला की ठरलेला भाव येतो, असे काही दिवस होते. पुढे शब्द राहतात आणि भाव सवयीचा होतो. मग माणूस कृतज्ञ नसतो, कृतज्ञतेची वेळ पाळत असतो. विनोबांनी दगडापुढचा दगड म्हटला तो हाच. हरिपाठ तोंडपाठ झालेल्या आपल्यासारख्यांना तो दगड परका नाही. यावर शास्त्रीजींची तोड भक्तिफेरीची होती. स्वखर्चाने, आपली भाकरी बांधून परक्या गावात जायचे, तिथे काही घ्यायचे नाही. परक्याच्या ओटीवर सवयीचा भाव चालत नाही हे त्यांनी ओळखले होते. आपल्या वारीतही तेच घडते. घरी पाठ म्हणताना जो अभंग निर्जीव वाटतो तो दिवे घाटात, पायाला फोड आलेले असताना, शेजारच्या अनोळखी वारकऱ्याच्या तोंडून ऐकला की वेगळाच लागतो.

वारकरी कीर्तनाची घडणही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एक अभंग घेतला जातो, त्याचे निरूपण चालते, दृष्टांत येतात, प्रमाणे येतात, बुद्धी कामाला लागते. मग मध्येच टाळकरी चाल उचलतात, मृदंग चढतो आणि नामाचा गजर होतो. गजर संपला की कीर्तनकार पुन्हा त्याच चरणावर येतात. हल्ली गजर लांबत चालला आहे आणि निरूपण विनोदाने भरले जाते, याबद्दल जाणती मंडळी कुरकुर करतात ती योग्यच आहे. पण तक्रार गजराविरुद्ध असू नये. निरूपणात ज्याची गाठ सुटली नाही त्याला गजर नुसता हलवतो. गाठ सुटली असेल तर गजरात ती गोष्ट अंगात उतरते.

तुकोबांच्या चरित्रातली कर्जखतांची हकीकत परंपरेने आपण ऐकत आलो आहोत. वैराग्य दाटून आले तेव्हा त्यांनी लोकांकडच्या येण्याची खते इंद्रायणीत बुडवली. उमाळा एवढा मोठा होता. पण खते सगळी बुडवली नाहीत. अर्धी कान्होबांच्या वाट्याची होती, ती भावाला दिली. आपल्या वैराग्याची किंमत भावाने मोजू नये एवढा विचार त्या उमाळ्यातही शाबूत होता, आणि त्या विचाराने उमाळा कमी झाला असेही नाही. आपला वाटा पुरता बुडाला. विचार आणि भावना यांच्या नात्यावर मी जे जे वाचले, त्यात मला ही हकीकत सर्वांत स्वच्छ वाटते. न्यायाधीशाच्या विचाराने आपल्याला वाचवले आणि किंमत दुसऱ्यांवर टाकली. इथे नेमके उलट घडले आहे.

पारायणात पहिल्या दिवशी पहिला अध्याय भराभर जातो. व्यासपीठ नुकतेच बसलेले असते, मंडळी येत असतात, ध्वनिक्षेपक नीट लागायचा असतो, आणि अर्जुनाचा विषाद म्हणजे खरा उपदेश सुरू होण्यापूर्वीची प्रस्तावना अशी समजूत असते. प्रवचनकारही पुष्कळदा भगवंतांच्या उपदेशापासूनच आरंभ करतात. पुढच्या पारायणात चालकांनी पहिल्या दिवशी अर्धा तास अधिक ठेवावा. भुंगा, काळसर्प आणि नवज्वरातले दूध या तिन्ही जागा दुसऱ्या अध्यायाच्या मध्यापर्यंत येऊन जातात. तेवढ्या सावकाश वाचाव्यात, आणि दुपारच्या प्रवचनाला न्यायाधीशाचा दृष्टांत निघालाच तर त्याच्या शेजारी भुंगाही ठेवावा.